ल्युका यांची ३९ अंकी संख्या

१७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७. ही मूळ संख्या आहे. १ आणि ती स्वतः यांखेरीज कशानेही तिला निःशेष भाग जात नाही. २ चा १२७वा घात घेऊन त्यातून १ वजा केला की ती मिळते. ती मूळ असल्याचे १८७६ साली, संगणक नसताना दाखवून दिले ते फ्रेंच गणितज्ञ एदुआर ल्युका यांनी.

ल्युका यांचा जन्म १८४२ साली आमियां शहरात झाला. पॅरिसच्या वेधशाळेत त्यांनी काम केले, फ्रान्स-प्रशिया युद्धात ते तोफखान्याचे अधिकारी होते आणि युद्धानंतर शाळेत गणित शिकवू लागले.

त्यांनी हाती घेतलेला प्रश्न जुना होता. २ च्या कोणत्या घातांतून १ वजा केल्यास मूळ संख्या मिळते, याची यादी मर्सेन या धर्मगुरूने १६४४ साली दिली होती. तीत ६७ आणि १२७ हे घातांक होते. पण पडताळणार कसे? ३९ अंकी संख्येला तिच्या वर्गमुळापर्यंतच्या प्रत्येक संख्येने भागत गेले, तर सेकंदाला एक अब्ज भागाकार करणाऱ्या यंत्रालाही चारशेहून अधिक वर्षे लागतील.

ल्युका यांनी वेगळी वाट शोधली. ३ पासून सुरुवात करायची. वर्ग करून २ वजा करायचे, तपासायच्या संख्येने भागून फक्त बाकी ठेवायची आणि त्या बाकीवर पुन्हा तीच क्रिया करायची. २ च्या ७व्या घातातून १ वजा केल्यास १२७ येतात. तिथे ३, ७, ४७, ४८, १६ असे आकडे येऊन सहाव्या जागी शून्य येते; म्हणून १२७ मूळ आहे. ३९ अंकी संख्येसाठी १२६व्या जागी शून्य यावे लागते. घातांक ६७ असलेली संख्या मात्र मूळ नसल्याचे त्यांना आढळले. विशेष म्हणजे तिचा एकही विभाजक हाती नसताना त्यांनी हे दाखवले. ते विभाजक अमेरिकी गणितज्ञ कोल यांनी १९०३ साली मांडले.

१८८३ साली ल्युका यांनी टोपणनावाने ‘हनोईचा मनोरा’ हे कोडे बाजारात आणले. काशीच्या मंदिरातील ६४ सुवर्णचकत्यांची दंतकथा त्याच्याशीच जोडलेली आहे.

१८९१ साली एका मेजवानीत काचसामान फुटले आणि एक तुकडा त्यांच्या गालाला लागला. जखमेतून धावरे हा जिवाणूजन्य त्वचारोग झाला आणि काही दिवसांतच, वयाच्या ४९व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तेव्हा प्रतिजैविके नव्हती. आज पेनिसिलिनने हा आजार सहसा बरा होतो. मात्र जखमेभोवती लाली पसरून ताप आल्यास डॉक्टरांकडे जाण्यास उशीर करू नये.

त्यांची ३९ अंकी संख्या १९५१ पर्यंत सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या राहिली. त्यांची चाचणी १९३० साली लेमर यांनी अधिक सुटसुटीत केली. २०२४ साली सापडलेल्या ४,१०,२४,३२० अंकी मूळ संख्येवर अंतिम शिक्कामोर्तब झाले, ते याच चाचणीने.