एकाच ऑलिंपिकला गेलेले दोन मराठी पैलवान, पण जोड का लागली नाही? पैलवान खाशाबा जाधव यांची गोष्ट

पोखर्णी (ता. परभणी) : जत्रेचा फड असो की पारावरची बैठक, कुस्तीचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. अमक्याची आणि तमक्याची कुस्ती झाली असती तर कोण जिंकलं असतं? आता पोरं मोबाईलवर परदेशातली रिंगमधली कुस्ती बघतात. तिथं वैर कोणाचं कोणाशी, ते किती महिने चालवायचं आणि शेवटी कोणी पडायचं हे आधी ठरलेलं असतं. त्यामुळं दोन मोठे गडी एकमेकांच्या समोर आलेच नाहीत की पोरांना वाटतं, ठरवणाऱ्याच्या मनात नव्हतं म्हणून.

खऱ्या कुस्तीत कारणं वेगळी असतात. ती समजून घ्यायची तर खाशाबा जाधवांची गोष्ट बघावी. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला भारताच्या कुस्ती संघात महाराष्ट्राचे दोन नावाजलेले पैलवान होते. एक कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा दादासाहेब जाधव आणि दुसरे कोल्हापूरचे केशव माणगावे. एकाच भागातले, एकाच काळातले, एकाच संघातले. एकाला कांस्यपदक मिळालं, दुसऱ्याचं थोडक्यात हुकलं. तरी या दोघांत खुन्नस असल्याची गोष्ट कोणी सांगत नाही, आणि ऑलिंपिकला त्यांची गाठ पडणं तर शक्यच नव्हतं.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. पाच भावांत धाकटे. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळं घरात कुस्ती जन्माच्या आधीपासून होती. लहान वयातच वडिलांनी लंगोट चढवला. आठ वर्षांचे असताना त्यांनी भागातल्या एका नावाजलेल्या गड्याला दोन मिनिटांत पाडलं, असं गोळेश्वरकडं सांगतात. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलात झालं. कुस्तीसोबत पोहणं, पळणं, मल्लखांब, वजन उचलणं, सगळ्यात हा पोरगा पुढं. १९४२ ची चळवळ सुरू झाली तेव्हा भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा द्यायच्या कामातही ते होते. पुढं कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले.

कोल्हापूर म्हणजे कुस्तीची पंढरी. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेलं खासबाग मैदान, पेठेपेठेत तालमी, पहाटे चारला सुरू होणारी मेहनत, आखाड्यात तेल, ताक, हळद घालून मळलेली तांबडी माती. अशा गावात मोठं नाव व्हायचं कोणाचं? धिप्पाड गड्याचं. जत्रेच्या शेवटच्या कुस्तीला लोक थांबतात ते दोन हत्तींची टक्कर बघायला. खाशाबा तर उंचीनं साधारण साडेपाच फूट आणि वजनानं पन्नाशीच्या आसपास. नारळावरच्या कुस्तीपासून सुरू झालेल्या फडात शेवटची इनामाची कुस्ती अशा अंगाच्या माणसाला सहसा मिळत नाही. मातीत वजनाचा काटा नसायचा. वस्ताद आणि पंच दोघांचं अंग बघायचे, नाव बघायचे, हाताला हात लावून जोड ठरवायचे.

जोड ठरवण्याची ही पद्धत आपल्या परभणी, गंगाखेड, पाथरीकडच्या माणसाला सांगायची गरज नाही. पण तिच्यातली एक बारीक गोष्ट नव्या पोरांना माहीत नसते. एका तालमीतले दोन गडी सहसा बाहेर इनामासाठी एकमेकांशी खेळत नाहीत. रोज पहाटे ते एकमेकांशीच जोर करतात, एकाचा डाव दुसऱ्याला पाठ असतो, दोघांचा वस्ताद एक. लोकांसमोर एकाला पाडलं तर तालमीचंच अर्धं नाव खाली जातं. मोठा गामा पैलवान आणि त्याचा सख्खा भाऊ इमामबक्ष हे दोघंही हिंदुस्थान गाजवणारे, पण दंगलीत दोघं एकमेकांचे वैरी झाले नाहीत ते याच रीतीनं. आणि हाच गामा १९१० साली लंडनला जाऊन बसला, जगातल्या मोठमोठ्या मल्लांना आव्हान दिलं, तरी अमेरिकेचा फ्रँक गॉच काही त्याच्यासमोर उभा राहिला नाही. म्हणजे लढत न होण्याचं कारण कधी भाऊपण असतं, कधी समोरच्याचं न येणं असतं. खाशाबा आणि माणगावेंच्या बाबतीत मात्र कारण होतं वजनाचा काटा.

हा काटा खाशाबांनी पहिल्यांदा जवळून बघितला तो १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला. जायचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तिथं माती नव्हती, गादी होती. आखाड्यात पाय रोवून खेळणाऱ्याला गादीवर पाय धरत नाही, सगळा तोलच बदलतो. मातीत पाठ लागली की कुस्ती संपली, नाहीतर चालू. गादीवर वेळ ठरलेली आणि चितपट झाली नाही तर पंच निकाल देणार. अमेरिकेचे माजी जगज्जेते रीस गार्डनर यांनी लंडनला त्यांना थोडंफार शिकवलं. ५२ किलोच्या फ्लायवेट गटात खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला पाडलं, अमेरिकेच्या बिली जर्निगनला हरवलं. पुढं इराणच्या मन्सूर रईसीनं त्यांना थांबवलं. सहावा नंबर आला. गादीवर फारसा सराव नसलेल्या बावीस वर्षांच्या गड्यासाठी हे थोडं नव्हतं.

गावाकडं आल्यावर चार वर्षं नुसती मेहनत. अंग भरलं, वजन वाढलं, आणि आता ते ५७ किलोच्या बँटमवेट गटात आले. त्याच्या वरचा गट ६२ किलोचा, फेदरवेट. त्यात केशव माणगावे. दोघांच्या गटांत पाच किलोचं अंतर. जत्रेत एवढ्या फरकाकडं कोणी बघतसुद्धा नाही, दोघांची जोड हसत लागली असती. पण ऑलिंपिकला हे पाच किलो म्हणजे मधली भिंत. दोघांचे तक्ते वेगळे, दोघांचे प्रतिस्पर्धी वेगळे, पदकंही वेगळी. त्यातही एका देशाला एका गटात एकच पैलवान पाठवता येतो. दोघं एकाच वजनाचे असते तर त्यांच्यातल्या एकालाच हेलसिंकीला जाता आलं असतं, आणि तेव्हा निवडीसाठी या दोघांत खरीखुरी झुंज झाली असती. कोल्हापूरच्या तालमींत त्यावरून दोन तट पडले असते यात शंका नाही. पाच किलोनं ते वाचवलं आणि दोघंही हेलसिंकीला गेले, असं म्हणायला हरकत नाही.

तसं बघितलं तर खाशाबांचं भांडण कधी पैलवानाशी झालंच नाही. झालं ते निवड करणाऱ्यांशी. मद्रासला झालेल्या स्पर्धेत आपल्याला मुद्दाम एक गुण कमी दिला, असं त्यांचं म्हणणं होतं. एका गुणासाठी ऑलिंपिक जाणार होतं. दुसरा कोणी असता तर नशिबाला बोल लावून घरी बसला असता. खाशाबांनी थेट पतियाळाच्या महाराजांकडं दाद मागितली. महाराज खेळाचे शौकीन. त्यांनी चाचणी कुस्तीत खेळायची संधी मिळवून दिली आणि खाशाबांनी समोरच्याला काही सेकंदांत अस्मान दाखवलं. पाठ लागल्यावर गुण मोजायचा प्रश्नच उरत नाही.

निवड झाली, पण खरी कुस्ती पुढंच होती. पैसा कुठून आणायचा? आज खेळाडूला परदेशात पाठवायला सरकार, कंपन्या, योजना आहेत. तेव्हा तिकिटापासून खाण्यापर्यंतचं ज्याचं त्यानं बघायचं होतं. गोळेश्वरच्या लोकांनी वर्गणी काढली. कराडच्या दुकानदारांनी आपापल्या परीनं हात लावला. तरी आकडा जुळेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. १९५२ सालचे सात हजार. आज पीककर्जासाठी सातबारा बँकेत ठेवणाऱ्या माणसाला गहाणाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. मास्तरानं विद्यार्थ्यासाठी राहतं घर लावलं होतं. पोरगा पडला असता तर मास्तर बेघर व्हायची पाळी.

हेलसिंकीत खाशाबांची पहिली गाठ कॅनडाच्या एड्रियन पोलिक्विनशी पडली. ही कुस्ती लांबली, पण चौदा मिनिटं झाल्यावर खाशाबांनी त्याला चितपट केलं. मग मेक्सिकोचा लिओनार्दो बासुर्तो. तो सव्वापाच मिनिटांच्या आसपास पाठीवर. तिसरा जर्मनीचा फर्डिनांड श्मिट्झ, हा पडला नाही, पण तीन पंचांपैकी दोघांनी कौल खाशाबांच्या बाजूनं दिला. ढाक हा त्यांचा आवडता डाव. मातीत शिकलेला हा डाव गादीवरही चालला, हे विशेष. शेवटच्या तिघांत आता जपानचा शोहाची इशी, सोव्हिएत रशियाचा रशीद मामेदबेकोव्ह आणि आपले खाशाबा उरले.

इशीबरोबरची कुस्ती पंधरा मिनिटं चालली आणि निकाल इशीच्या बाजूनं लागला. अंगातली सगळी ताकद त्यात गेली. आणि तेवढ्यात पुन्हा गादीवर यायचा पुकारा झाला, समोर मामेदबेकोव्ह. दोन कुस्त्यांच्या मध्ये निदान अर्ध्या तासाची विश्रांती द्यायची असा नियम होता. पण तो नियम सांगून भांडणार कोण? भारताच्या बाजूनं बोलायला कोणी अधिकारी तिथं नव्हता, असं सांगतात. दमलेले खाशाबा तसेच उतरले आणि हरले. सुवर्ण इशीला, रौप्य मामेदबेकोव्हला, कांस्य खाशाबांना. तारीख २३ जुलै १९५२. स्वतंत्र भारताच्या कोणाही एकट्या खेळाडूचं हे पहिलं ऑलिंपिक पदक. दुसऱ्याच दिवशी हॉकी संघानं हॉलंडला ६-१ नं हरवून सुवर्ण आणलं. हॉकीच्या सुवर्णाची देशाला सवय होती, एकट्याच्या पदकाची नव्हती. अर्धा तास मिळाला असता तर रंग बदलला असता का, याचा हिशेब कोणाला जमणार नाही. पण वशिल्यासाठी नव्हे, नुसता नियम वाचून दाखवायला एक माणूस हवा होता, एवढं खरं.

इकडं ६२ किलोच्या गटात केशव माणगावे चौथे आले. सुवर्ण तुर्कस्तानच्या बायराम शितनं, रौप्य इराणच्या नासर गिवेहचीनं नेलं आणि कांस्य अमेरिकेच्या जोसाया हेन्सनला मिळालं. म्हणजे एका ऑलिंपिकमध्ये मराठी मातीची दोन पदकं व्हायला फक्त एका पायरीचं अंतर होतं. माणगावेंचं नाव आज किती जणांना ठाऊक आहे? शाळेच्या पुस्तकात, भाषणात, फलकावर खाशाबा येतात, माणगावे येत नाहीत. ऑलिंपिकमध्ये जगात चौथा आलेला पैलवान गावच्या पोरांना माहीत नसावा, ही गोष्ट बरी नाही.

खाशाबा परतले तेव्हा गोळेश्वरकरांनी शंभरावर बैलगाड्या जुंपून मिरवणूक काढली. ढोल, लेझीम, गुलाल. एरवी पंधरा मिनिटांत संपणाऱ्या वाटेला त्या दिवशी सात तास लागले. ज्या लोकांनी वर्गणी दिली होती तेच लोक गाड्या घेऊन आले होते, त्यामुळं ते पदक सगळ्यांच्या घरचंच होतं.

मिरवणूक झाली आणि खाशाबा कामाला लागले. काम कोणतं, तर मास्तरांचं घर सोडवायचं. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांची मैदानं भरवली, त्यात स्वतः खेळले, आणि जमलेल्या पैशातून खर्डेकर सरांचं कर्ज फेडलं. कोणाला आव्हान द्यायचं, कोणाची जिरवायची, यासाठी ही मैदानं नव्हती. पदक मिळवलेला माणूस देणं फेडायला लंगोट कसून उतरला होता. जाहिरातीचे करार, बक्षिसाचे कोटी हे सगळं फार पुढचं.

१९५५ मध्ये ते मुंबई पोलीस दलात फौजदार म्हणून लागले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकची तयारी होती, पण गुडघा दुखावला आणि ते राहून गेलं. पोलिसांच्या स्पर्धा जिंकल्या, खात्यातल्या पोरांना शिकवलं, सत्तावीस वर्षं नोकरी करून सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. पेन्शनसाठी मात्र त्यांना झगडावं लागलं. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. वय अठ्ठावन्न.

त्यांच्या हयातीत दुसऱ्या कोणा भारतीयाला एकट्याच्या खेळात ऑलिंपिक पदक मिळालं नाही. ते मिळालं थेट १९९६ साली, टेनिसमध्ये लिअँडर पेसला. कुस्तीत तर २००८ उजाडलं, सुशील कुमारनं कांस्य आणलं तेव्हा. म्हणजे कुस्तीत छप्पन्न वर्षं खाशाबांच्या शेजारी उभं राहायला कोणी नव्हतं. अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मरणोत्तर. दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी इंदिरा गांधी क्रीडा संकुलातल्या कुस्तीच्या सभागृहाला त्यांचं नाव दिलं. आता महाराष्ट्रात त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी शाळेत खाशाबांच्या फोटोला हार घालताना गुरुजींनी ५७ आणि ६२ किलोची ही गोष्ट पोरांना सांगितली, तर केशव माणगावेंचंही नाव त्यांच्या कानावर पडेल.