एक माणूस, एक कार्ड : हर्मन हॉलरिथ

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने एका खाण-अभियंत्याचे चरित्र का लिहावे, असा प्रश्न वाचकांना पडणे साहजिक आहे. संगणकाचा इतिहास म्हणजे विज्ञान शाखेचा प्रांत, अशी आपल्याकडे समजूत आहे. पण माहिती साठवून ती यंत्राकडून वाचून घेण्याची, मोठ्या प्रमाणावर यशस्वी झालेली पहिली रीत ज्याने जगाला दिली, तो मनुष्य हिशोबाच्या अडचणीपायीच त्या वाटेला लागला. त्याने माणसे मोजली, रेल्वेच्या पावत्या मोजल्या, यंत्रे भाड्याने दिली, भाव उतरवायला नकार दिला आणि आपले सर्वांत मोठे गिऱ्हाईक गमावले. असा मनुष्य आमच्या शाखेचा नाही, असे कोण म्हणेल?

हर्मन हॉलरिथचा जन्म २९ फेब्रुवारी १८६० रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात, बफेलो या गावी झाला. आईवडील जर्मनीहून येऊन स्थायिक झालेले. वडील ग्रीक व लॅटिन जाणणारे विद्वान शिक्षक होते, पण ते लवकर वारले. आईने माहेरच्यांपुढे हात न पसरता बायकांच्या टोप्या तयार करण्याचा धंदा केला आणि मुलांना वाढवले. हर्मन बुद्धीने तल्लख, पण शुद्धलेखनाशी त्याचे हाडवैर होते. शुद्धलेखनाचा तास आला की तो वर्गातून पळ काढी, असे सांगतात. शेवटी त्याला शाळेतून काढून घरी शिकवणी लावावी लागली. पुढे हाच मुलगा कोलंबिया विद्यापीठाच्या खाणकाम विद्यालयातून १८७९ साली, म्हणजे एकोणिसाव्या वर्षी, अभियंता होऊन बाहेर पडला. आज मी विसाव्या वर्षी पदवीच्या वर्गात बसून हे लिहीत आहे, हे येथे नमूद करतो आणि पुढे जातो.

त्याचे एक प्राध्यापक अमेरिकन जनगणनेच्या कामात होते. त्यांनी आपल्या या विद्यार्थ्याला १८८० च्या जनगणनेत मदतनीस म्हणून नेले. तेथे त्याने जे पाहिले त्यातून त्याच्या आयुष्याला दिशा मिळाली. त्या वेळी अमेरिकेची लोकसंख्या पाच कोटींच्या घरात होती. घरोघर जाऊन माहिती लिहून आणणे हे काम तुलनेने सोपे. खरा घोळ नंतर सुरू होई. शेकडो कारकून ते कागद पुढ्यात घेऊन बसत आणि एकेका माणसामागे एकेक रेघ मारीत. किती पुरुष, किती स्त्रिया, हे कळले. आता विवाहित पुरुष किती? पुन्हा सगळे कागद पहिल्यापासून. विवाहित पुरुषांपैकी परदेशात जन्मलेले किती? पुन्हा पहिल्यापासून. सगळे अहवाल पुरे व्हायला सात-आठ वर्षे लागली. लोकसंख्या तर वाढतच होती. पुढच्या जनगणनेचे काम त्याच्या पुढची जनगणना आली तरी संपणार नाही, अशी धास्ती वाटू लागली.

या खात्यात जन्ममृत्यूच्या आकडेवारीचे काम डॉ. जॉन शॉ बिलिंग्ज यांच्याकडे होते. हे काम यांत्रिक आहे, तेव्हा ते यंत्राने व्हायला हवे, ही कल्पना त्यांनी या तरुणाच्या डोक्यात घातली. हॉलरिथने त्यांना भागीदारीसाठी विचारले, पण डॉक्टरांनी नाही म्हटले. प्रश्न सुटला म्हणजे झाले, एवढीच त्यांची इच्छा. पुढे हॉलरिथनेही या कल्पनेचे श्रेय मोकळेपणाने डॉक्टरांना दिले. संशोधनाच्या इतिहासात श्रेयावरून डोकी फुटलेली आपण वाचतो, म्हणून हा प्रसंग मला मोलाचा वाटतो.

१८८२ मध्ये तो बोस्टनमधील एम.आय.टी. संस्थेत शिकवू लागला, पण तोच अभ्यासक्रम पुन्हा शिकवण्याचा त्याला कंटाळा आला. मग वॉशिंग्टनच्या पेटंट कचेरीत काही काळ नोकरी केली. पेटंटचा अर्ज कसा लिहावा, हे तो तेथेच शिकला आणि १८८४ साली नोकरी सोडून स्वतःचा पहिला अर्ज दाखल करून मोकळा झाला.

त्या पहिल्या अर्जात कार्ड नव्हते. कागदाची लांबलचक पट्टी होती. एकेका माणसाची माहिती भोकांच्या रूपाने पट्टीवर एकामागून एक यायची. यात गोम अशी की हवी ती नोंद गाठायची तर सगळी पट्टी उलगडावी लागे, आणि नोंदींचा क्रम बदलणे तर अशक्यच. आमच्या भाषेत सांगायचे तर ही बांधीव रोजकीर्द झाली. ज्या क्रमाने व्यवहार झाले त्याच क्रमाने ते त्यात राहणार. हॉलरिथने पट्टी टाकून दिली आणि प्रत्येक माणसामागे एक सुटे कार्ड घेतले. सुट्या पावत्या जशा हव्या तशा लावता येतात, कधी गिऱ्हाईकवार, कधी मालवार, कधी तारीखवार, तसेच हे. नोंद एकदाच करायची आणि मोजणी हवी तितक्या तऱ्हांनी करायची. माझ्या मते हॉलरिथचा खरा शोध हाच. यंत्र त्याच्या मागून आले.

भोकांची कल्पना त्याला रेल्वेच्या प्रवासात सुचली. त्या काळी तेथील काही कंडक्टर तिकिटावर भोके पाडून प्रवाशाचे वर्णन नोंदवीत. केस कसे, डोळे कसे, नाक केवढे, हे तिकिटावर उमटे आणि एकाचे तिकीट दुसऱ्याला वापरता येत नसे. त्याच्याही आधी फ्रान्समध्ये जॅकार्डने विणकामाच्या मागाला भोकांची कार्डे जोडली होती. आपल्या शहापूर-वडगावच्या विणकरांना जॅकार्ड हा शब्द नवा नाही. पण दोहोंत एक फरक आहे. जॅकार्डचे कार्ड मागाला पुढे काय करायचे ते सांगते. हॉलरिथचे कार्ड मात्र नोंद जपून ठेवते.

बाल्टिमोर शहराच्या मृत्युनोंदींवर या पद्धतीची पहिली मोठी चाचणी झाली. ८ जानेवारी १८८९ रोजी तिन्ही पेटंटे हाती आली. त्याच वर्षी जनगणना खात्याने तीन पद्धतींची स्पर्धा लावली. सेंट लुईस शहरातील दहा हजारांवर माणसांची माहिती तिघांनाही दिली गेली. अंतिम मोजणीला इतर दोन पद्धतींना सुमारे ४४ आणि ५५ तास लागले. हॉलरिथचे काम साडेपाच तासांत झाले. १८९० च्या जनगणनेचे काम त्यालाच मिळाले.

हे यंत्र चालायचे कसे? कार्डावर भोके पाडण्याच्या २८८ जागा होत्या. स्त्री की पुरुष, वय, जन्म कोठला, वडिलांचा जन्म कोठला, धंदा कोणता, अशा प्रत्येक उत्तराला ठरलेली जागा. कारकून कार्ड यंत्राच्या पाटावर ठेवून वरचा दांडा खाली ओढी. दांड्याला स्प्रिंगवर बसवलेल्या बारीक सळया असत. भोक असेल तेथे सळई आरपार जाऊन खालच्या वाटीतील पाऱ्यात बुडे, विजेचे मंडल पुरे होई आणि समोरच्या तबकडीवरचा काटा एक घर पुढे सरके. भोक नसेल तेथे सळई कार्डावरच अडे. अशा चाळीस तबकड्या एकाच वेळी मोजीत. शेजारच्या पेटीत ज्या खणाचे झाकण आपोआप उघडेल त्या खणात कार्ड टाकायचे. पुढच्या मोजणीसाठी ती गठ्ठी तयारच.

एकूण लोकसंख्येचा कच्चा आकडा अवघ्या सहा आठवड्यांत हाती आला : सुमारे सहा कोटी तीस लाख. लोकांची अपेक्षा याहून मोठ्या आकड्याची होती. त्यामुळे वर्तमानपत्रांनी शाबासकी देण्याऐवजी मोजणीलाच नावे ठेवली. पण आकडा टिकला. त्याच वर्षी कोलंबिया विद्यापीठाने त्याला या कामाबद्दल डॉक्टरेट दिली आणि त्याच वर्षी त्याचे लग्नही झाले. ऑस्ट्रिया, कॅनडा, नॉर्वे आणि १८९७ साली रशिया, अशी त्याची यंत्रे देशोदेशी गेली.

पण जनगणना दहा वर्षांतून एकदाच येते. मधल्या काळात यंत्रांनी काय करायचे? या अडचणीतून तो व्यापाराकडे वळला. न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेच्या मालवाहतुकीच्या लाखो पावत्यांचा हिशोब नेहमी मागे पडत असे. हॉलरिथने नुसते मोजणारे यंत्र बेरीज करणारे केले आणि तो हिशोब वेळच्या वेळी निघू लागला. १८९६ साली त्याने टॅब्युलेटिंग मशीन कंपनी स्थापन केली. १९०६ च्या सुमारास त्याने आणखी एक सुधारणा केली. तोवर काम बदलले की यंत्राच्या तारा नव्याने जोडाव्या लागत. आता टेलिफोनच्या स्विचबोर्डासारखा एक फळा आला. तारेचे टोक या भोकातून काढून त्या भोकात खुपसले की तेच यंत्र दुसरा हिशोब करू लागे. यंत्राचे भाग एकमेकांशी हवे तसे जोडण्याची ही सोय पुढे कित्येक दशके हिशोबाच्या यंत्रांत टिकली.

तो यंत्रे विकत नसे, भाड्याने देई, आणि कार्डेही त्याचीच घ्यावी लागत. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला यातील चातुर्य लगेच कळेल. यंत्र एकदा विकले की व्यवहार संपतो, भाडे आणि कार्डांचा पैसा मात्र येतच राहतो. पण याच धोरणाने त्याला दगाही दिला. जनगणना खात्याला भाडे डोईजड वाटू लागले. नव्या संचालकांनी दर कमी करायला सांगितले, हॉलरिथ हटला नाही. १९०५ साली संबंध तुटले. खात्याने स्वतःचे कारागीर नेमून स्वतःची यंत्रे बनवली आणि १९१० ची जनगणना त्यावर केली. हॉलरिथ कोर्टात गेला, पण हरला. खात्याच्या कामावर असलेल्या जेम्स पॉवर्सने पुढे स्वतंत्र कंपनी काढली आणि तीच त्याची प्रतिस्पर्धी ठरली. प्रतिस्पर्धी उभा करायचा असेल तर गिऱ्हाइकाशी हट्टाने वागावे, असा धडा यातून काढता येईल.

१९११ मध्ये त्याने कंपनी विकली. ती इतर दोन-तीन कंपन्यांत मिळवण्यात आली आणि त्या एकत्रित कंपनीचे नाव १९२४ साली इंटरनॅशनल बिझनेस मशीन्स, म्हणजेच आय.बी.एम. असे झाले. हॉलरिथ काही वर्षे सल्लागार होता, पण त्याचे लक्ष आता शेतीत, ग्वेर्न्सी जातीच्या गायींत आणि होड्यांत रमले होते. १७ नोव्हेंबर १९२९ रोजी वॉशिंग्टन येथे हृदयविकाराने तो वारला.

चरित्र येथे संपते, पण कार्डाची गोष्ट येथे संपत नाही. जर्मनीत त्याची यंत्रे चालवणाऱ्या कंपनीच्या नावातच हॉलरिथ हे नाव होते. हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ साली प्रशियाच्या जनगणनेची मोजणी याच कंपनीने केली. त्या कार्डावर धर्माचाही रकाना होता. ज्यू कोण, कोठे राहतो, काय काम करतो, हे हुडकणाऱ्या राजवटीच्या हाती ही मोजणी पडली. हॉलरिथ तेव्हा हयात नव्हता आणि त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. तरीपण हवी ती माणसे झटपट वेगळी काढण्याची सोय त्याच्याच कार्डाने दिली होती. ती का काढायची, हे कार्डाला ठाऊक नसते.

आणखी एक घटना. १९२१ च्या जानेवारीत वॉशिंग्टनमधील सरकारी इमारतीला आग लागली आणि १८९० च्या जनगणनेचे बहुतेक मूळ कागद आगीत व पाण्यात खराब झाले. उरलेसुरलेही पुढे नष्ट करण्यात आले. त्या सहा कोटी माणसांचे आकडे राहिले, माणसांच्या नोंदी बव्हंशी गेल्या. आकडे तरी कोणते राहिले? ज्यांच्यासाठी कार्डावर जागा राखली होती तेवढेच.

आमच्या भागात ही गोष्ट समजायला अवघड नाही. जनगणनेतील मातृभाषेच्या आकड्यांवर येथे किती वाद झाले ते वडीलधाऱ्यांना विचारावे. मातृभाषा विचारली की उत्तर एकच द्यायचे असते. पण आपल्या जनगणनेत आणखी येणाऱ्या दोन भाषांची नोंद करण्याचीही जागा आहे. माझ्या रकान्यात मराठी आणि पुढच्या रकान्यात कन्नड येते, म्हणून मी हिशोबात पुरता येतो. ती दुसरी जागा नसती तर माझी कन्नड कोणत्याच आकड्यात उमटली नसती. हॉलरिथने मोजणीचा वेळ खूप कमी केला, हे त्याचे मोठेपण. कार्डावर भोके कोठे असावीत हे मात्र यंत्र ठरवीत नाही. ते आपण ठरवायचे असते, आणि उद्या हिशोबाच्या टेबलावर बसणाऱ्या आम्हा विद्यार्थ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.