वॉल्टर सॅम्युअल मिलार्ड

वॉल्टर सॅम्युअल मिलार्ड (१८६४ – २१ मार्च १९५२) हे मुंबईतील इंग्रज व्यापारी, हौशी निसर्गअभ्यासक आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद सचिव होते. पक्षितज्ज्ञ सालिम अली यांना बालपणी पक्षी-अभ्यासाची वाट दाखविणारे गृहस्थ म्हणून ते विशेष ओळखले जातात.

मिलार्ड १८८४ मध्ये इंग्लंडहून मुंबईस आले आणि हर्बर्ट फिप्सन यांच्या मद्यविक्रीच्या पेढीत साहाय्यक झाले. फिप्सन हेच सोसायटीचे सचिव असल्यामुळे पेढी व संस्था अपोलो स्ट्रीटवरील एकाच जागेत नांदत असत. कारवारहून १८९४ साली भेट आलेला एक जिवंत महाधनेशही त्याच कार्यालयात राही. पुढे हाच पक्षी संस्थेचे बोधचिन्ह झाला. मिलार्ड १८९३ पासून संस्थेच्या नियतकालिकाच्या संपादनास हातभार लावू लागले. १९०६ ते १९२० या काळात त्यांनी पेढीचा व्यवहार सांभाळून विनावेतन सचिवपद चालविले. भारतातील सस्तन प्राण्यांची पाहणी १९११ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने सुरू झाली. तिचा पहिला अहवाल खानदेशाविषयीचा होता.

सालिम अलींची भेट

१९०८ च्या सुमारास दहा-बारा वर्षांच्या सालिमने छऱ्यांच्या बंदुकीने एक चिमणी टिपली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. आईवडिलांविना वाढणाऱ्या या मुलाचे पालनकर्ते मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांना ती ओळखता आली नाही. ते सोसायटीचे सदस्य होते. त्यांनी चिठ्ठी देऊन भाच्याला मिलार्डांकडे धाडले. गोऱ्या साहेबाच्या कार्यालयात पाऊल टाकण्याची एतद्देशीय मुलांना त्या काळी धास्तीच वाटे, आणि कागदात गुंडाळलेली मेलेली चिमणी घेऊन आलेल्या पोराला दारातून वाटेस लावणे कामात गढलेल्या सचिवाला सहज शक्य होते. मिलार्डांनी तसे केले नाही. ती पिवळ्या कंठाची रानचिमणी असल्याचे सांगून त्यांनी कपाटांतील पेंढा भरलेले पक्षी एकेक करून दाखविले, वाचावयास पुस्तके दिली आणि नमुने सोलून टिकविण्याची विद्या शिकण्याची सोय करून दिली. तरुण अभिरक्षक नॉर्मन किनिअर यांच्याशी सालिमची ओळखही त्यांच्यामुळेच झाली. १९२६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयाच्या निसर्गविभागात मार्गदर्शक व्याख्याता म्हणून सालिम अली स्वतः लोकांना प्राणी-पक्षी समजावून देऊ लागले. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राच्या नावातही त्यांनी ती चिमणी जपली.

वृक्षप्रेम

मिलार्डांना फुलझाडांचाही नाद होता. ब्रह्मदेशातील गुलाबी फुलांचा एक कॅशिया वृक्ष त्यांनी मुंबईत आणला. १९२० मध्ये ते इंग्लंडला परतले. कार्यालयातला महाधनेशही त्याच वर्षी मेला. फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांच्यासह त्यांनी लिहिलेले भारतीय वृक्षांवरील सचित्र पुस्तक १९३७ मध्ये प्रकाशित झाले.