विश्लेषण : वर्ध्याच्या मगन संग्रहालयातील ‘मगन’ कोण?

पिपरी मेघे असो वा वर्धा शहर, मगनवाडी हा इथल्या लोकांच्या बोलण्यात सहज येणारा पत्ता. तिथल्या मगन संग्रहालयाचे उद्घाटन ३० डिसेंबर १९३८ रोजी महात्मा गांधींनी केले. मात्र ज्यांच्या नावाने ही वाडी आणि संग्रहालय ओळखले जाते, ते मगनलाल गांधी त्याआधी दहा वर्षांपूर्वीच वारले होते.

मगनलाल गांधी कोण होते?

मगनलाल हे महात्मा गांधींचे चुलतभाऊ खुशालचंद यांचे पुत्र. जन्म १८८३ चा. चार पैसे कमवावेत म्हणून १९०३ मध्ये ते गांधीजींबरोबर दक्षिण आफ्रिकेत गेले. तिथे जेमतेम वर्ष झाले आणि गांधीजींनी त्यांना फिनिक्स आश्रमात बोलावले. कमाईचा विचार सोडून ते शेती आणि छापखान्याच्या कामात शिरले, ते कायमचेच.

‘सत्याग्रह’ या शब्दाशी त्यांचा काय संबंध?

दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांच्या लढ्याला आपला शब्द हवा, म्हणून गांधीजींनी ‘इंडियन ओपिनियन’मधून वाचकांकडून नावे मागवली. मगनलाल यांनी ‘सदाग्रह’ सुचवले. अर्थ अधिक स्पष्ट व्हावा म्हणून गांधीजींनी त्याचे ‘सत्याग्रह’ केले.

आश्रम सोडण्याची वेळ का आली?

१९१५ मध्ये अहमदाबादजवळ कोचरब येथे आश्रम सुरू झाला. काही महिन्यांतच दुदाभाई यांचे अस्पृश्य मानले गेलेले कुटुंब तिथे राहायला आले. बाहेरून विरोध झालाच, पण आतही अस्वस्थता होती. मगनलाल आणि त्यांच्या पत्नी संतोकबेन यांनाही हे पचले नाही. दोघे आश्रमाबाहेर पडून मद्रासला गेले. तिथे काही महिने विणकाम शिकले आणि मनातली अस्पृश्यता टाकून परतले. या प्रसंगाने आश्रमाला दोन गोष्टी दिल्या : विणकाम जाणणारा माणूस आणि स्वतःला बदलू शकलेला व्यवस्थापक.

खादीसाठी त्यांनी काय केले?

१९१७ मध्ये आश्रम साबरमतीच्या काठी गेला. राहुट्यांपासून सुरुवात झालेल्या त्या वसाहतीचा कारभार मगनलाल यांनी सांभाळला. यंत्रांची उपजत जाण असल्याने माग, चरखा आणि पिंजण यांत सुधारणा करणे, शिकाऊंना तयार करणे ही कामे त्यांच्याकडेच आली. ‘चरखा शास्त्र’ हे पुस्तक त्यांनी लिहिले. अमेरिकी सहकारी रिचर्ड ग्रेग यांच्यासोबत टकळीवरही पुस्तक केले. खादी ही घोषणा असली तरी सूत तुटू नये, कापड टिकावे, हे कुणीतरी पाहावे लागते. ते काम मगनलाल यांचे होते. गांधीजी त्यांना आपला वारस मानत.

त्यांची मुलगी राधा बिहारमध्ये पडदा प्रथेविरुद्ध काम करत होती. तिच्याकडे गेले असता मगनलाल आजारी पडले आणि २३ एप्रिल १९२८ रोजी पाटण्यात त्यांचे निधन झाले. आयुष्य जेमतेम पंचेचाळीस वर्षांचे. आपला उजवा हात गेला, अशी गांधीजींची अवस्था झाली.

मग त्यांचे नाव वर्ध्यात कसे आले?

डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. अध्यक्ष श्रीकृष्णदास जाजू, तर सचिव अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा. कामासाठी जमनालाल बजाज यांनी वर्ध्यातील आपली बाग आणि बंगला दिला. व्यापाऱ्याच्या या बागबंगल्याला मगनलाल यांचे नाव मिळाले आणि तो मगनवाडी झाला. सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला जाण्यापूर्वी, १९३५-३६ मध्ये गांधीजींचा मुक्काम इथेच होता. तेलघाणी, हातकागद, मधमाशीपालन असे प्रयोग या आवारात झाले. वनस्पती तेलावर जळणाऱ्या कंदिलालाही ‘मगनदीप’ हेच नाव मिळाले.

संग्रहालयाचे वेगळेपण काय?

राजांच्या तलवारी, दागिने पाहायला इथे कुणी येत नाही. इथे आहेत चरखे, खादी आणि ग्रामोद्योगाची अवजारे. खेड्यातल्या कारागिराने यावे, सुधारलेले अवजार पाहावे आणि गावी जाऊन वापरावे, हा त्यामागचा हेतू. आजही संग्रहालयाशी जोडलेल्या संस्थेत नैसर्गिक रंगांच्या खादीचे काम चालते. मगनलाल यांनी आयुष्यभर मागे राहून जे केले, त्याचाच हा पुढचा धागा. कारागिराच्या नावाने उभ्या राहिलेल्या संग्रहालयात हातांचे काम थांबले, तर उरेल ती फक्त पाटी.