आजचे चिंतन : कुंभकर्णाची बाजू आणि राक्षसभुवनचा रणसंग्राम



आज युद्धकांडातला कुंभकर्णाला उठवण्याचा भाग वाचला. लहानपणी हा भाग म्हणजे नुसती गंमत वाटायची, त्याची झोप, त्याचं खाणं. पण जागा झाल्यावर तो रावणाला काय सुनावतो तेही वाचा. तुझं चुकलं, आधी विचार करायचा होतास, असं तो थोरल्या भावाला तोंडावर सांगतो. आणि मग शूल उचलून त्याच भावासाठी मरायला निघतो. बिभीषणालाही हेच कळलं होतं, पण तो उठून रामाकडे गेला. दोघे एकाच घरातले, समज सारखी आणि वाटा दोन.

आपण सगळे अर्थातच बिभीषणाच्या बाजूचे. पण एक सांगा, समुद्राच्या पलीकडे राम उभा होता म्हणून बिभीषणाला जायला जागा होती. पलीकडे राम नसेलच तर?

मला हा प्रश्न गेल्या आठवड्यात राक्षसभुवनला पडला. आमच्या बीड जिल्ह्यात, गेवराई तालुक्यात, गोदावरीच्या काठावरचं हे गाव. शनीच्या साडेतीन पीठांत त्याची गणना होते. आज्जीला तेल वाहायचं होतं म्हणून मी पुण्याहून सुट्टी काढून गेले होते. ती दर्शनाच्या रांगेत, मी नदीकडे तोंड करून बसलेले. तिथे मला थोरले माधवराव पेशवे आठवले, कारण त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात अवघड दिवस याच काठावर उगवला होता.

माधवराव गादीवर आले ते 16 वर्षांचे असताना. जानेवारी 1761 मध्ये पानिपत झालं, जूनमध्ये वडील नानासाहेब गेले. घरात कर्ता पुरुष एकच उरला, काका रघुनाथराव. शूर माणूस, अटकेपर्यंत धडक मारलेला, पण सत्तेची हाव भारी आणि कान हलका. 1762 च्या सुरुवातीला निजाम पेचात सापडला असताना काकांनी त्याच्याशी सौम्य तह करून त्याला मुलूख परत दिला. पुतण्याला ते पटलं नाही. पुतण्या स्वतःच्या डोक्याने कारभार करू लागला, तसे काका रुसून पुण्याबाहेर पडले आणि त्याच निजामाची मदत घेऊन पेशव्यावर चालून आले.

नोव्हेंबर 1762. घोडनदीवर लढाई झाली आणि माधवरावांची बाजू पडली. आता पळून जावं, सरदार गोळा करावेत आणि पुन्हा लढावं, हे शक्य होतं. सतरा वर्षांचं पोर ते, रक्त गरम. पण घरातली भांडणं लांबली की फावतं निजामाचं, हे त्यांना दिसत होतं. ते आळेगावला काकांच्या छावणीत गेले आणि स्वाधीन झाले. पुढचे काही महिने नावाला पेशवे आणि प्रत्यक्षात नजरकैद.

काकांनी लगेच सूड उगवायला घेतला. पटवर्धनांचं मिरज काढून घेतलं, प्रतिनिधीपद दुसऱ्याला दिलं. दुखावलेले गोपाळराव पटवर्धन निजामाला जाऊन मिळाले. नागपूरकर जानोजी भोसल्यांना निजामाच्या दिवाणाने, विठ्ठल सुंदरने, मोठमोठी स्वप्नं दाखवली, तेही गेले. मला खरं सांगायचं तर गोपाळरावांचा राग पूर्ण समजतो. त्यांच्यावर अन्याय झाला होता, त्यांनी वाईट धन्याला सोडलं. दिसायला हे बिभीषणासारखंच. पण ते ज्याच्याकडे गेले त्या निजामाच्या फौजेने 1763 च्या उन्हाळ्यात पुणं लुटलं आणि जाळलं. त्या आगीत ज्यांची घरं गेली, त्यांनी मिरज थोडंच काढून घेतलं होतं?

माधवराव मात्र काकांबरोबरच राहिले. ज्याने आपल्याला कैदेसारखं ठेवलं, त्याच्याच सैन्यात. जानोजीला मुलखाचं आमिष दाखवून निजामापासून फोडण्यात आलं आणि 10 ऑगस्ट 1763 ला राक्षसभुवनला गाठ पडली. पावसाळा, गोदावरी भरलेली. निजाम नदी ओलांडून उत्तर तीरावर गेलेला आणि विठ्ठल सुंदर फौजेसह दक्षिण तीरावर. लढाईच्या भरात रघुनाथरावांचा हत्ती शत्रूच्या गराड्यात सापडला.

इथे मी वाचताना नेहमी थांबते. माधवरावांना फक्त थोडा उशीर करायचा होता. कुणी दोष दिला नसता. लढाईत असं होतं, म्हणाले असते लोक. काटा आपोआप निघाला असता.

त्यांनी उशीर केला नाही. मागची फौज घेऊन ते तुटून पडले, काकांना सोडवलं. विठ्ठल सुंदर मारला गेला. निजाम पलीकडच्या तीरावरून बघत राहिला. पुढच्या तहात गमावलेला मुलूख परत आला आणि त्या दिवसापासून फौजेला कळलं की खरा पेशवा कोण. पटवर्धनांना मिरजही परत मिळालं.

हे कुंभकर्णासारखं झालं का? मला तसं वाटत नाही. कुंभकर्णाने चूक दाखवली आणि मग चुकीसाठीच लढला. माधवराव काकांच्या बाजूला उभे राहिले ते राज्यासाठी, आणि हातात बळ आल्यावर त्यांनी काकांच्या चुका एकेक करून निस्तरल्या. 1768 मध्ये काका पुन्हा बंड करून उठले तेव्हा धोडपला त्यांना पकडलं आणि शनिवारवाड्यात कैदेत ठेवलं. म्हणजे साथ दिली, पण आंधळी नाही.

(एक आख्यायिका इथे सांगायलाच हवी, आपल्यासारख्या जपमाळवाल्यांसाठी. माधवराव तासन्‌तास जपाला बसू लागले तेव्हा रामशास्त्री प्रभुण्यांनी काशीला जायची परवानगी मागितली. हेच करायचं तर गादी सोडून तुम्हीही चला, असं सुचवलं म्हणे. माधवरावांनी जप आटोपता घेतला.)

पण गोष्ट इथे गोड होत नाही. क्षयाने पोखरलेले माधवराव थेऊरला चिंतामणीच्या पायाशी आले. शेवटी त्यांनी काकांना मोकळं केलं आणि धाकट्या नारायणरावाला त्यांच्या हवाली केलं. 18 नोव्हेंबर 1772 ला ते गेले, वय अवघं 27. वर्षही झालं नाही, 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणरावाला मारलं. रामशास्त्र्यांनी चौकशी करून रघुनाथरावांना दोषी ठरवलं आणि पुणं सोडलं.

राक्षसभुवनला उशीर केला असता तर नारायणराव वाचला असता का? मी घाटावर बसून हाच विचार करत होते. वाचवणं चूक नव्हतं, असं मला अजूनही वाटतं. शेवटी विश्वास टाकणं चूक होतं का, ते मात्र सांगता येत नाही. मरणाऱ्याला दुसरं कोण होतं घरात?

आता माझं. आमच्या भागात एक साहेब आहेत, नाव नको. आजोबा सिरियस होते तेव्हा त्यांच्या एका फोनवर बेड मिळाला. आमच्या नदीतली वाळू रात्री कोणाच्या ट्रकांतून जाते, हेही घरात सगळ्यांना माहीत आहे. मागच्या महिन्यात चुलत्यांचा फोन आला, साहेबांचा वाढदिवस आहे, बॅनरचा फोटो स्टेटसला ठेव. मी ठेवला. वर हात जोडलेला इमोजी पण टाकला. वाळूबद्दल मात्र चुलत्यांसमोरही कधी तोंड उघडलं नाही. कुंभकर्णाने भावाला जे ऐकवलं, तेवढंसुद्धा नाही.

आज्जी प्रसाद घेऊन आली तेव्हा मी फोन हातात घेऊन बसले होते. तिने विचारलं, कुणाचा फोन आहे गं? कुणाचा नाही, म्हटलं. मग गाडीत बसेपर्यंत चुलत्यांचा नंबर दोनदा काढला आणि दोनदा बंद केला. दिवाळीला गावी जाणार आहे, तेव्हा समोर बसून बोलेन असं ठरवलंय. झालं तर इथे लिहीन, नाही झालं तरी लिहीन.

उद्या कुंभकर्ण रणात उतरतो. तेवढा भाग वाचून या.

राम कृष्ण हरी.