कडू कवठाचं तेल कुष्ठरोगावर वापरणाऱ्या भाऊ दाजी लाड यांचं औषध गुपितच का राहिलं?

रत्नागिरीच्या रानात कडू कवठाचं झाड दिसलं तर दोन मिनिटं थांबा. दीडशे वर्षांपूर्वी मुंबईतले एक नामांकित डॉक्टर या झाडाच्या बियांचं तेल कुष्ठरुग्णांवर वापरत होते.

ते म्हणजे डॉ. भाऊ दाजी लाड. भायखळ्याच्या राणीबागेतल्या म्युझियमला ज्यांचं नाव आहे, तेच.

भाऊ दाजींचा जन्म 1822 चा, गोव्यातल्या मांद्रे गावचा. खरं नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. घरची परिस्थिती बेताची. मुंबईत एल्फिन्स्टनमध्ये शिकले आणि 1851 साली ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून डॉक्टर झाले. धाकटे बंधू नारायण दाजीही डॉक्टर. दोघांनी मिळून गरिबांसाठी मोफत दवाखाना चालवला.

त्या काळात कुष्ठरोग म्हटलं की लोक चार हात लांब पळायचे. कुणी पूर्वजन्मीचं पाप म्हणायचं, कुणी घराण्याचा दोष. कोकणात या आजाराचे बरेच रुग्ण होते.

पण या आजारात नेमकं होतं काय?

आपल्या त्वचेचा वरचा थर पातळ असतो. तो पाणी आणि जंतू अडवतो. त्याखालच्या जाड थरात रक्तवाहिन्या, घामाच्या ग्रंथी आणि स्पर्श, उष्णता, वेदना ओळखणाऱ्या नसा असतात. कुष्ठरोगाचे जंतू याच नसांवर हल्ला करतात. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा येतो आणि तिथली संवेदना जाते. मग चटका बसला तरी कळत नाही, जखम चिघळत जाते. बोटं आपोआप झडत नाहीत, दुखणं न कळल्यामुळे ती खराब होतात.

भाऊ दाजींनी अशा रुग्णांवर उपचार सुरू केले. काहींना गुण आल्याची चर्चा झाली. पण औषध काय, हे त्यांनी जाहीर केलं नाही. त्यावरून टीकाही झाली. 31 मे 1874 ला ते गेले आणि त्यांचं काम अर्धवट राहिलं. त्याच्या एकच वर्ष आधी नॉर्वेत हॅन्सन यांनी या रोगाचा जंतू शोधला होता.

ते औषध कडू कवठाचं तेल होतं, हे पुढे अभ्यासकांनी नोंदवलं. याच जातीच्या झाडांचं तेल 1940 च्या दशकापर्यंत जगभरात कुष्ठरोगावरचा मुख्य उपचार होतं. तेलाने रोग खात्रीने बरा होत नव्हता. पण भाऊ दाजींनी आपल्या नोंदी वेळेत छापल्या असत्या, तर इतर डॉक्टरांना ते तेल तेव्हाच तपासून पाहता आलं असतं.

आज हा आजार गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. 6 ते 12 महिन्यांचा कोर्स सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो. त्यामुळे अंगावर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर लपवू नका, लगेच दाखवा.