आजोबांच्या चित्रातला नातू

आष्टा असो, तासगाव असो की विटा, आपल्या भागातल्या एखाद्या जुन्या वाड्यात गेलं की देवघराच्या नाहीतर माजघराच्या भिंतीवर काळपट लाकडी चौकटीतली लक्ष्मी हमखास दिसते. कमळावर उभी, चार हात, अंगावर काठपदराची साडी. कधीपासून आहे म्हणून विचारावं, तर घरातली आजी सांगते, माझ्या सासूबाईंच्याही आधीपासून. अशी लक्ष्मी घराघरांत पोहोचवली ती राजा रविवर्मा यांनी. त्यांचं नाव आपल्या सगळ्याजणींना ठाऊक असतं. पण त्यांच्या स्वतःच्या घराची, लेकीची आणि नातवंडांची गोष्ट मात्र फारशी कानावर आलेली नसते.

रविवर्मांचा जन्म २९ एप्रिल १८४८ चा, केरळातल्या किळिमानूरचा. आई उमयंबा कविता करणारी, मामा चित्रं काढणारे. पहिले धडे मामांनीच दिले. चौदाव्या वर्षी मुलाला त्रावणकोरच्या महाराजांकडे तिरुवनंतपुरमला नेलं. तिथल्या दरबारी चित्रकाराने तैलरंगाची विद्या शिकवायला साफ नकार दिला. पुढे थिओडोर जेन्सन नावाचा युरोपियन चित्रकार आला. त्यानेही शिकवलं नाही, फक्त काम करताना बघू दिलं. मुलगा बघून बघून शिकला! १८७३ मध्ये व्हिएन्नाच्या प्रदर्शनात त्याच्या चित्राला बक्षीस मिळालं, तेव्हा तो जेमतेम पंचवीस वर्षांचा होता.

त्याआधीच, १८६६ मध्ये, त्यांचं लग्न झालं होतं. बायकोचं नाव भागीरथी, मावेलिक्कराच्या राजघराण्यातली. त्यांच्याकडची रीत आपल्यापेक्षा अगदी उलटी. लेक सासरी जायची नाही, आईच्या घरातच राहायची. घराणं आईच्या बाजूनं चालायचं, मुलं आईच्या घरची. नवरा यायचा-जायचा. त्यात रविवर्मा तर पायाला भिंगरी लावलेले. धाकटा भाऊ राजराज वर्मा सोबतीला घ्यायचा आणि या संस्थानातून त्या संस्थानात हिंडायचं. १८८१ मध्ये ते बडोद्याला सयाजीराव गायकवाडांकडे आले. पुढे सयाजीरावांनीच रामायण-महाभारतावरची चौदा चित्रं त्यांच्याकडून करून घेतली. सीता, दमयंती, शकुंतला यांना कोणता पोशाख शोभेल, याचा शोध घेत दोघं भाऊ देशभर फिरले. शेवटी त्यांचं मन साडीवर बसलं, त्यातही आपल्या मराठी नऊवारीवर.

इकडे मावेलिक्कराला भागीरथीबाई दोन मुलगे आणि तीन मुली घेऊन राहत होत्या. नवऱ्याची कीर्ती त्यांच्या कानावर यायची, नवरा मात्र क्वचितच घरी यायचा. लेकींचं कौतुक, आजारपणं, लग्नकार्यं यांतलं किती त्यांच्या एकटीच्या वाट्याला आलं असेल, ते संसार केलेल्या बाईला वेगळं सांगायला नको.

चित्रकाराला समोर माणूस लागतो. त्या काळी परक्या पुरुषापुढे तासनतास बसायला घरंदाज बाई तयार व्हायची नाही. म्हणून मुंबईत रविवर्मांनी गाणाऱ्या बायकांना आणि पैसे घेऊन बसणाऱ्या बायकांना समोर बसवलं. फोटोचा आधार घ्यायलाही त्यांनी कमीपणा मानला नाही. राजेमहाराजांची, विशेषतः हयात नसलेल्यांची चित्रं त्यांनी फोटो समोर ठेवून केली. पण आई आणि मूल काढायचं तर काय करायचं? परक्या माणसाला बघून मूल भोकाड पसरतं. चेहऱ्यावर खरी ओढ हवी असेल, तर मूल आपल्या आईच्याच कडेवर हवं.

१८९३ मध्ये त्यांनी असंच एक चित्र केलं. बाबा आले, असं त्याचं नाव. समोर उभी आहे ती त्यांची स्वतःची लेक महाप्रभा, केरळी पांढऱ्या वस्त्रातली. कडेवर तिचा लहानगा, म्हणजे रविवर्मांचा नातू. दोघंही एका बाजूला बघताहेत. बाबा येताहेत, पण ते चित्रात नाहीत. दिसते ती नुसती वाट बघणारी आई आणि बाळ.

जाणकारांनी या चित्रावर पुष्कळ लिहिलंय. ज्या समाजात बाप हा घरातला पाहुणा होता, तिथं बापाची वाट बघणारं कुटुंब रंगवणं म्हणजे बदलत्या काळाची चाहूल, असं ते म्हणतात. आपल्याला मात्र त्यात आणखी एक दिसतं. महाप्रभेनं लहानपणी आपल्या वडिलांची अशीच वाट पाहिली असणार. तेच वडील आता हातात कुंचला घेऊन समोर उभे होते. त्या निमित्तानं का होईना, लेक आणि नातू डोळे भरून बघायला त्यांना वेळ मिळाला.

पुढच्याच वर्षी, १८९४ मध्ये, त्यांनी मुंबईत गिरगावात छापखाना काढला. राजवाड्यातलं चित्र गरिबाच्या भिंतीवर आलं ते त्यामुळे. नंतर हा छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. पैशाचं गणित काही जमलं नाही आणि काही वर्षांतच तो विकावा लागला. चित्रं मात्र घराघरांत पोहोचलीच. याच छापखान्यात काही काळ काम केलेले दादासाहेब फाळके पुढे सिनेमाकडे वळले. त्यांनीही घरचीच माणसं उभी केली. राजा हरिश्चंद्रमधला रोहिदास त्यांचा मुलगा होता आणि कालियामर्दनमधला कृष्ण त्यांची लेक मंदाकिनी! आपल्या सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं हातात समई घेतलेल्या बाईचं प्रसिद्ध चित्र अनेकजण रविवर्मांचं समजतात. त्यातली बाई म्हणजे हळदणकरांची लेक गीता.

नातवंडांची गोष्ट इथं संपत नाही. त्रावणकोरच्या राजघराण्याला वारस हवा होता आणि तिथं गादी चालायची ती मुलींच्या वंशातून. १९०० मध्ये रविवर्मांच्या दोन नाती तिथं दत्तक गेल्या. एक महाप्रभेची लेक सेतू लक्ष्मीबाई, दुसरी तिच्या बहिणीची लेक सेतू पार्वतीबाई. दोघींची वयं पाच वर्षांच्याही आत. घराण्याचा मान वाढला खरा, पण दोन आयांच्या मांडीवरची दोन पोरं राजवाड्यात गेली. मान मिळाला म्हणून आईचा जीव थोडाच राहतो?

१९०५ मध्ये धाकटा भाऊ गेला. आयुष्यभराची साथ सुटली आणि रविवर्मा खचले. २ ऑक्टोबर १९०६ ला त्यांनीही या जगाचा निरोप घेतला.

नातींनी मात्र नाव काढलं. १९२४ ते १९३१ या काळात सेतू लक्ष्मीबाईंनी त्रावणकोरचा कारभार सांभाळला. देवळांतले पशुबळी त्यांनी बंद केले आणि देवदासींची चालही थांबवली. सेतू पार्वतीबाईंच्या मुलानं, महाराज असताना, १९३६ मध्ये तिथल्या राज्यातली देवळं सगळ्या हिंदूंना खुली केली, मग जात कोणतीही असो. आजोबांनी देव गरिबाच्या घरी नेला होता, पणतवानं सगळ्यांना देवळात नेलं.

रविवर्मांच्या चित्रांत दिसणाऱ्या कितीतरी बायकांची नावं आज कुणालाच सांगता येत नाहीत. महाप्रभेचं नाव राहिलं, कारण ती चित्रकाराची लेक होती. आपल्याही ट्रंकेत पिवळे पडलेले फोटो असतात. कडेवर मूल घेतलेली बाई कोण, हे सांगणारी आजी अजून घरात असेल, तर एवढं करा. तिला विचारून फोटोच्या मागे त्या दोघांची नावं लिहून ठेवा.